छोट्या प्रवासी विमानात भार किती आणि कुठे : उड्डाणाआधीचा हिशोब, योग्य क्रमानं

छोट्या विमानाचा भार ठरवताना बऱ्याच ठिकाणी चालणारा क्रम असा असतो: आदल्या संध्याकाळी टाक्या काठोकाठ भरायच्या, सकाळी येतील तशी माणसं बसवायची, बॅगा मागे कोंबायच्या आणि दार लावण्याआधी लोड शीटवर, म्हणजे भाराच्या हिशोबाच्या कागदावर, असे आकडे टाकायचे की बेरीज मर्यादेत बसेल. म्हणजे उत्तर आधी लिहायचं आणि गणित मागून जुळवायचं. कागद नियमात बसतो, विमान बसत नाही.

हा लेख चार ते एकोणीस आसनांच्या विमानांबद्दल आहे. इथे क्रम उलटा आहे: आधी मर्यादा, मग रिकामं विमान, मग माणसं, मग सामान, आणि इंधन सगळ्यात शेवटी. विमान चालवायला शिकणाऱ्यांसाठी आणि भार भरण्याच्या कामावर असणाऱ्यांसाठी तो आहेच, पण अशा विमानातून जाणाऱ्या प्रवाशांनीही वाचावा, कारण पुष्कळ चुका त्यांच्याकडून सुरू होतात.

एक गैरसमज आधीच बाजूला काढू. ‘चार सीटचं विमान’ म्हणजे चार मोठी माणसं, त्यांचं सामान आणि भरलेली टाकी हे सगळं एकदम नेणारं विमान, असं नाही. सीट किती, टाकी केवढी आणि सामानाची जागा किती या तीन वेगळ्या क्षमता आहेत. तिन्ही एकाच वेळी पूर्ण वापरता येतील असं छोटं विमान क्वचितच असतं. एक वाढवलं की दुसरं कमी करावंच लागतं.

## तयारी : हिशोबाला बसण्याआधी

हाताशी चार गोष्टी हव्यात. पहिली, त्याच विमानाचा वजन अहवाल. ‘त्याच’ यावर जोर आहे. एकाच मॉडेलची, एकाच वर्षी बनलेली दोन विमानं रिकामी असतानाही सारख्या वजनाची नसतात. एकात नवा रेडिओ बसवलेला असतो, दुसऱ्यावर जुन्या रंगावर नवा रंग चढवलेला असतो, तिसऱ्यातली मागची सीट काढून ठेवलेली असते. माहितीपत्रकातलं किंवा प्रशिक्षण संस्थेतल्या दुसऱ्या विमानाचं रिकामं वजन घेऊन केलेला हिशोब पहिल्याच ओळीत चुकतो.

दुसरी, त्या विमानाच्या फ्लाइट मॅन्युअलमधला भाराचा भाग. तिसरी, दोन काटे: माणसं उभी राहतील असा एक आणि बॅगा टांगता येतील असा एक. चौथी, कोरी लोड शीट. मागच्या फेरीची खोडून वापरायची नाही; तिच्यातला एखादा जुना आकडा तसाच राहतो आणि तो नेमका मोठा असतो.

सावध : एकक एकच ठेवा. बऱ्याच छोट्या विमानांची मॅन्युअलं पाउंड आणि इंचात असतात, इंधन लिटरमध्ये मिळतं आणि माणसं आपलं वजन किलोत सांगतात. १९८३ मध्ये एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ मध्ये इंधनाच्या हिशोबात पाउंड आणि किलोची गल्लत झाली आणि दोन्ही इंजिनं हवेतच बंद पडली. कॅनडातल्या गिम्ली इथल्या जुन्या हवाई तळावर वैमानिकांनी ते इंजिनांशिवाय तरंगवत उतरवलं म्हणून सगळे वाचले. प्रशिक्षित माणसांची फौज असलेल्या मोठ्या विमानात हे होतं, तर एकट्यानं घाईत केलेल्या हिशोबात सहज होईल. जे काही मोजाल ते लगेच मॅन्युअलच्या एककात बदलून लिहा, मूळ आकडा शेजारी ठेवा. १ किलो म्हणजे २.२ पाउंड, १ अमेरिकन गॅलन म्हणजे जवळजवळ ३.८ लिटर.

## टप्पा १ : मर्यादा लिहून काढा

कागदाच्या डोक्यावर मर्यादा लिहा: टेक-ऑफचं कमाल वजन, लँडिंगचं कमाल वजन, सामानाच्या प्रत्येक कप्प्याची मर्यादा, आणि गुरुत्वमध्याची, म्हणजे विमानाचं सगळं वजन ज्या बिंदूवर तोललं जातं त्याची, पुढची व मागची सीमा. काही विमानांना ‘इंधनाशिवायचं कमाल वजन’ अशी आणखी एक मर्यादा असते. माणसं आणि सामान मधल्या धडात असतं, इंधन बहुधा पंखांत. धड फार जड झालं तर पंख जिथे जोडलेले असतात तिथे वाकवणारा ताण वाढतो, आणि टाकीत इंधन कमी ठेवून तो ताण कमी होत नाही. ही मर्यादा असेल तर ती स्वतंत्रपणे पाळायची.

आता या आकड्यांत ‘थोडं चालतं’ का नाही, ते इथेच पाहू, कारण खरी गडबड या समजातून होते.

वजन १० टक्क्यांनी वाढलं की स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंखांना विमान उचलून धरता येत नाही तो वेग, साधारण ५ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे ५० नॉटला (ताशी ५० सागरी मैलांना) स्टॉल होणारं विमान ५२ ते ५३ नॉटलाच उचल सोडतं. हे किरकोळ वाटतं, पण टेक-ऑफला लागणारं अंतर तेवढंच वाढत नाही. ब्रिटनच्या नागरी विमान नियामकाच्या सुरक्षा पत्रकात १० टक्के जादा वजनाला टेक-ऑफचं अंतर २० टक्क्यांनी वाढतं असं धरायला सांगितलं आहे. चढण्याचा वेग तर आणखी वाईट मार खातो. इंजिनाच्या ताकदीतून विमान नुसतं हवेत टिकवायला लागणारी ताकद वजा केली की उरते ती चढायला. वजन वाढलं की वजा होणारा आकडा फुगतो आणि उरलेला आधीच लहान असतो.

बळकटीचंही तसंच. नॉर्मल वर्गातलं, म्हणजे कसरतींसाठी नसलेलं, छोटं विमान साधारणपणे ३.८ जी, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या ३.८ पट, इतका भार सहन करेल असं प्रमाणित केलेलं असतं, पण ते कमाल वजनाला. १० टक्के जादा भरलंत की तीच रचना साडेतीन जीच्या आसपासच मर्यादा गाठते. वादळी हवेत बसणारा धक्का लोड शीट पाहून कमी होत नाही.

यातली फसवी गोष्ट अशी की जास्त भरलेलं विमान पुष्कळदा उडतं. थंड सकाळी, समुद्रसपाटीला, लांब धावपट्टीवर ते उडतं आणि उतरतंही. ‘मागच्या वेळी गेलं होतं’ हा पुरावा तिथून तयार होतो. मग तोच भार उन्हाळ्यातल्या दुपारी, उंचावरच्या आखूड पट्टीवर भरला जातो.

## टप्पा २ : रिकामं विमान

वजन अहवालातून रिकामं वजन आणि त्याचं मोमेंट (वजन गुणिले अंतर; टप्पा ६ मध्ये लागेल) जसंच्या तसं उतरवा. टाकीच्या तळाशी राहणारं, वापरता न येणारं इंधन आणि इंजिनातलं तेल त्यात धरलंय का ते बघा. बहुतेक नव्या अहवालांत धरलेलं असतं, जुन्यांत तेल वेगळं असू शकतं. अहवालानंतर विमानात काही बसवलं किंवा काढलं असेल तर त्याची नोंद दुरुस्ती विभागाच्या कागदात असायला हवी. नसेल तर इथेच थांबून विचारा.

सामानाच्या कप्प्यात कायमचं पडून राहणारं साहित्यही याच टप्प्यात मोजा: ओढायचा दांडा, आच्छादन, दोऱ्या, तेलाचे डबे, जॅक. ही कोणाचीच जबाबदारी नसते म्हणून कोणाच्याच हिशोबात येत नाही. आणि ही सगळी जवळजवळ नेहमी सर्वांत मागच्या कप्प्यात असते. पाण्यावर उतरणाऱ्या, तरंगत्या पायांच्या विमानात त्या पोकळ पायांत झिरपलेलं पाणी उपसून काढल्याशिवाय हिशोबाला अर्थ नाही.

## टप्पा ३ : माणसं मोजा, वजन विचारू नका

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे वेळ घालवा.

माणूस आपलं वजन सांगतो ते बहुधा आठवणीतलं असतं, सकाळचं, कपडे-बूट वगळून, आणि दोन-चार किलो कमी करून. यात लबाडी असतेच असं नाही. पण सहा जणांनी प्रत्येकी पाच किलो कमी सांगितलं आणि प्रत्येकाच्या अंगावर जॅकेट, बूट, फोन, पाण्याची बाटली धरून आणखी तीन किलो असले, तर कागदावर नसलेलं ४८ किलो विमानात चढतं. सहा आसनी विमानात ते जवळजवळ एका हडकुळ्या माणसाचं वजन झालं.

म्हणून काटा ठेवा आणि प्रत्येकाला ज्या कपड्यांत, ज्या बुटांत, हातातल्या पिशवीसह विमानात बसणार त्याच अवस्थेत उभं करा. काट्याचा आकडा फक्त मोजणाऱ्याला दिसेल असा फिरवून ठेवला तर संकोच निम्मा होतो. मोठ्यानं आकडा पुकारायचा नाही. मांडीवर बसणाऱ्या लहान मुलाला सीट लागत नाही, पण वजन लागतं. ते आईच्या किंवा बाबांच्या आकड्यात मिळवा. वैमानिकानं स्वतःलाही काट्यावर उभं करायचं. आपलं वजन परवाना मिळाला तेव्हाचंच आहे असं मानणारे बरेच आहेत.

सरासरी वजन का वापरायचं नाही? मोठ्या विमानात दीडशे-दोनशे माणसं असतात, तिथे जड आणि हलकी माणसं एकमेकांची भरपाई करतात. पाच जणांत अशी भरपाई होईलच असं नाही. पाचही जण धिप्पाड असू शकतात. एकोणीस आसनांच्या विमानातही सरासरीनं दगा दिलेला आहे. ८ जानेवारी २००३ रोजी अमेरिकेत शार्लट इथे एअर मिडवेस्टचं बीचक्राफ्ट १९००डी टेक-ऑफनंतर लगेच कोसळलं आणि त्यातले २१ जण गेले. दुरुस्तीत एलिव्हेटरच्या, म्हणजे नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीवरच्या पट्टीच्या, केबलची जुळणी चुकली होती, त्यामुळे नाक खाली दाबायला वैमानिकांना पुरेसा वाव उरला नव्हता. पण तोलही मागच्या सीमेच्या पलीकडे गेलेला होता. त्या वेळी मान्य असलेल्या सरासरी वजनांनी केलेला हिशोब मात्र मर्यादेत बसत होता. माणसांची खरी वजनं त्या सरासरीच्या पुढे निघून गेली होती. त्यानंतर अमेरिकी नियामकानं सरासरी वाढवली.

तपासा : लोड शीटवर दोन प्रवाशांचं वजन अगदी सारखं आणि शून्यानं संपणारं दिसतंय? मग बहुधा कोणीतरी अंदाजानं लिहिलं आहे. परत मोजा.

## टप्पा ४ : सामान

प्रत्येक नग काट्यावर टांगा. उचलून अंदाज करणारा अनुभवी माणूसही सकाळच्या पहिल्या बॅगेला आणि पंधराव्या बॅगेला एकच न्याय लावत नाही. छोट्या पण जड वस्तूंवर डोळा ठेवा: बॅटऱ्या, हत्यारं, पुस्तकं, बर्फाची पेटी, कॅमेऱ्याचे ट्रायपॉड. मऊ, फुगीर पिशवीत लपलेली डंबेल्सची जोडीही असू शकते.

७ जुलै २०१३ रोजी अलास्कात सोल्डोट्ना इथे डी हॅविलँड ऑटर जातीचं एक इंजिनाचं विमान टेक-ऑफनंतर लगेच स्टॉल होऊन पडलं. वैमानिक आणि नऊ प्रवासी, सगळे दगावले. तपासात निघालं की सामानाचं खरं वजन कागदावर लिहिलेल्या वजनाच्या दुपटीहून जास्त होतं. कोणी ते तोललंच नव्हतं. एकूण वजन मर्यादेबाहेर गेलं होतं आणि तोलही खूप मागे गेला होता.

कप्प्याची मर्यादा ही जागेची नसते. कप्पा अर्धा रिकामा दिसतोय म्हणून आणखी दोन बॅगा बसतील, हा विचार सोडा. जड पण लहान वस्तूला जमिनीच्या पत्र्यावर दर चौरस फुटाला किती भार चालतो तीही मर्यादा असते. अशा वस्तूखाली फळी घालून भार पसरवा.

## टप्पा ५ : आता इंधन ठरवा

इथवरची बेरीज कमाल वजनातून वजा करा. जे उरलं तेवढंच इंधन घेता येतं. ते प्रवासाला पुरतं का, हा पुढचा प्रश्न.

खरे आकडे घेऊन पाहू. सेस्ना १७२एस या चार आसनी विमानाचं टेक-ऑफचं कमाल वजन २,५५० पाउंड, म्हणजे सुमारे १,१५७ किलो. वापरता येणारं इंधन ५३ गॅलन. पेट्रोलवर चालणाऱ्या विमानाचं इंधन गॅलनला ६ पाउंड धरतात, म्हणजे भरलेली टाकी ३१८ पाउंड. उदाहरणातल्या विमानाचं रिकामं वजन १,६८० पाउंड धरू.

- रिकामं विमान : १,६८०
- पुढे दोघं : ३५०
- मागे दोघं : ३२०
- सामान : ६०
- पूर्ण टाकी : ३१८
- बेरीज : २,७२८ पाउंड

मर्यादेपेक्षा १७८ पाउंड जास्त, म्हणजे सुमारे ८१ किलो. माणसं काही अवाढव्य नाहीत, सामान प्रत्येकी एक लहान पिशवी. तरीही विमान एका मोठ्या माणसाच्या वजनाइतकं ओव्हरलोड. चार सीट आणि टाकी भरलेली हे समीकरण किती सहज चुकतं ते यावरून दिसेल.

इंधन २३ गॅलनवर आणलं तर ते १३८ पाउंड होतं आणि बेरीज २,५४८. बसलं. ताशी ९ गॅलन खर्च धरून, सुरुवातीला धावपट्टीपर्यंत जमिनीवर चालत जाण्याचा (टॅक्सी) आणि चढाईचा खर्च आणि अर्ध्या तासाचा राखीव साठा बाजूला ठेवला तर उड्डाण पावणेदोन तासांच्या आसपासचं उरतं. प्रवास तीन तासांचा असेल तर वाटेत इंधनासाठी उतरा, एका माणसाला दुसऱ्या फेरीला ठेवा, किंवा मोठं विमान घ्या. चौथा पर्याय म्हणून राखीव साठ्यातून खाणं हे मुळीच धरायचं नाही.

सावध : टाकी आधीच भरून ठेवली असेल तर इंधन काढावं लागतं. तो त्रास टाळण्यासाठी आकडे खाली-वर करण्याचा मोह होतो. म्हणूनच आदल्या संध्याकाळी टाक्या भरून ठेवण्याची सवय माणसं आणि सामान पक्कं नसेल तेव्हा मोडावी.

## टप्पा ६ : तोल, आणि तोही दोनदा

वजन मर्यादेत आलं म्हणजे काम संपलं नाही. कावडीत दोन्हीकडे मिळून ओझं तेवढंच असलं तरी एक बाजू टोकाकडे सरकली की खांद्यावर कावड टिकत नाही; विमानाचं तसंच आहे. म्हणून प्रत्येक वजनाला त्याच्या ‘आर्म’नं गुणायचं. आर्म म्हणजे ठरवलेल्या एका रेषेपासूनचं अंतर. गुणाकार म्हणजे मोमेंट. सगळ्या मोमेंटच्या बेरजेला एकूण वजनानं भागलं की गुरुत्वमध्य कुठे आहे ते कळतं.

वरच्याच विमानात पुढच्या सीटचा आर्म ३७ इंच, मागच्या सीटचा ७३, इंधनाचा ४८, सामानाच्या पहिल्या कप्प्याचा ९५. रिकाम्या विमानाचा ४० इंच धरू.

- रिकामं : १,६८० × ४० = ६७,२००
- पुढे : ३५० × ३७ = १२,९५०
- मागे : ३२० × ७३ = २३,३६०
- सामान : ६० × ९५ = ५,७००
- इंधन : १३८ × ४८ = ६,६२४
- बेरीज : १,१५,८३४

भागिले २,५४८ म्हणजे साधारण ४५.५ इंच. या वजनाला पुढची सीमा ४१ इंच आणि मागची ४७.३. आत आहे.

आता हाच हिशोब लँडिंगच्या वेळच्या इंधनानं पुन्हा करा. बहुतेक जण इथे आळस करतात. या विमानात इंधन जळलं तरी गुरुत्वमध्य फारसा हलत नाही. पण सगळीच विमानं अशी नसतात. बीचक्राफ्ट बोनान्झात इंधन गुरुत्वमध्याच्या पुढे असतं, त्यामुळे ते जळत जातं तसा तोल मागे सरकतो. टेक-ऑफला मर्यादेत असलेलं विमान उतरताना मर्यादेबाहेर असू शकतं, आणि ते कळतं तेव्हा धावपट्टी समोर आलेली असते.

पुढे झुकलेला तोल आणि मागे झुकलेला तोल यांचे धोके सारखे नाहीत. पुढे झुकलं तर विमान हट्टी होतं: नाक उचलायला जोर लागतो, धाव लांबते, उतरताना नाक वर धरता येत नाही आणि पुढचं चाक आपटतं. निदान त्याची चाहूल जमिनीवरच लागते. मागे झुकलं तर विमान हलकं, चपळ, हवंहवंसं वाटतं. स्टिकला जोर लागत नाही. हीच खूण वाईट. जरा ओढलं की नाक गरजेपेक्षा वर जातं, स्टॉल येतो, आणि नाक खाली आणायला शेपटीकडे पुरेसा जोर उरलेला नसतो. स्पिनमध्ये, म्हणजे गरगरत खाली, गेलं तर बाहेर येण्याची खात्री कोणी देत नाही. २००१ च्या ऑगस्टमध्ये बहामात मार्श हार्बर इथून उडालेलं दोन इंजिनांचं सेस्ना ४०२बी पडलं आणि अमेरिकन गायिका आलियासह ९ जण गेले. तिथेही हेच जोडीनं होतं: वजन मर्यादेच्या वर आणि तोल मागच्या सीमेच्या मागे.

छोट्या प्रवासी विमानात माणसं आणि सामान मागच्या बाजूला भरलं जातं. म्हणून ओव्हरलोड बहुधा मागे झुकलेल्या तोलासह येतो. दोन चुका एकत्र येतात त्या योगायोगानं नव्हे.

तपासा : जड माणसं पुढे, हलकी मागे बसवून पुन्हा मोजा. वरच्या उदाहरणात पुढची जोडी मागे आणि मागची पुढे केली तर तोल जेमतेम अर्धा इंच सरकतो. सहा-आठ आसनांच्या विमानात मात्र शेवटच्या रांगेतला एक जण पुढे आणला की उत्तर बदलू शकतं.

## टप्पा ७ : धावपट्टी पुरेल का

मॅन्युअलमधलं कमाल वजन म्हणजे आज, इथून, या उन्हात नेता येईल ते वजन नव्हे. ते रचनेचं कमाल आहे.

उष्णतेत आणि उंचीवर हवा विरळ असते. पंख, प्रॉपेलर (पुढचा फिरणारा पंखा) आणि इंजिन तिघांनाही ती कमी पडते. ३,००० फुटांवरच्या पट्टीला हिशोबाचं प्रमाण तापमान ९ अंश धरतात. दुपारी तिथे ३५ अंश असेल तर फरक २६ अंशांचा. दर अंशाला १२० फूट धरले की ३,१२० फूट झाले, म्हणजे विमानाला ती पट्टी ६,१०० फुटांवर असल्यासारखी वाटते.

वर उल्लेखलेल्या ब्रिटिश पत्रकातले इतर गुणक असे: तापमान १० अंश वाढलं तर अंतर १० टक्क्यांनी, पट्टी १,००० फूट उंच असेल तर १० टक्क्यांनी, कोरड्या गवतावर २० टक्क्यांनी. हे मिळवायचे नाहीत, गुणायचे. मॅन्युअलमध्ये ५०० मीटर लिहिलंय, वजन त्या आकड्यासाठी धरलेल्या वजनाहून १० टक्के जास्त, १० अंश जास्त ऊन, गवताची पट्टी: ५०० × १.२ × १.१ × १.२ म्हणजे ७९२ मीटर. त्यावर सुरक्षेसाठी आणखी १.३३ नं गुणायला ते पत्रक सांगतं. झाले हजार मीटरच्या पुढे. मॅन्युअलमधले आकडे नवं विमान आणि मुरलेला चाचणी वैमानिक यांचे असतात, म्हणून शेवटचा गुणक वगळू नका.

धाव सुरू करण्याआधी पट्टीच्या मध्यावरची एखादी खूण ठरवा. तिथवर विमान उचलण्याच्या वेगाच्या ७० टक्के वेग आला नसेल तर थ्रॉटल (इंजिनाची ताकद) मागे, ब्रेक.

## टप्पा ८ : प्रत्यक्ष भरणं

आधी पुढच्या सीट, मग मागच्या. काही विमानांत शेपटीखाली टेकू लावल्याशिवाय मागून चढूच देत नाहीत, नाहीतर विमान शेपटीवर बसतं. जड नग पुढे आणि खाली, जाळी ओढून बांधलेली. न बांधलेली पेटी टेक-ऑफला नाक वर होताच मागे घसरते आणि तुमचा टप्पा ६ पुसून टाकते. कप्प्याचं दार बंद करण्याआधी लोड शीट हातात धरून नग मोजा. जमेल तर भरणारा आणि मोजणारा वेगळा ठेवा.

शेवटच्या क्षणी एखादी पेटी किंवा माणूस वाढला तर आकडा खोडून वर लिहायचा नाही, टप्पा ५ पासून पुन्हा करायचं. पाच मिनिटांचं काम आहे. ‘फक्त एक पेटी’ हे शब्द ऐकू आले की कॅल्क्युलेटर बाहेर काढावा. लोड शीटची एक प्रत जमिनीवर ठेवून जा.

## प्रवाशांनी काय करायचं

काट्यावर उभं राहायला कां-कू करू नका. खिडकीसाठी सीट बदलू नका, तुमची जागा हिशोबातून आलेली असते. तोलून झाल्यावर बॅगेत काही टाकू नका. कोणाची तरी पिशवी ‘हातातली’ म्हणून आत नेऊ नका. आणि वैमानिक म्हणाला की एकाला मागे राहावं लागेल, तर पैसे, लग्न, मीटिंग यांच्या नावानं त्याच्यावर दबाव आणू नका. उलट कोणीच काही तोललं नाही, विमान मागे झुकलेलं दिसतंय आणि वैमानिक ‘होतं हो’ म्हणतोय, तर तुम्हीच उतरा.

## उडाल्यावर शंका आली तर

जास्त भरलेलं विमान कधी कधी जमिनीलगत उचलतं, पण वर जात नाही. पंखाच्या लांबीएवढ्या उंचीपर्यंत जमिनीजवळच्या हवेची मदत मिळते. तिच्यावर ते तरंगतं. अशा वेळी नाक वर ओढणं ही सगळ्यात घातक प्रतिक्रिया. पट्टी उरली असेल तर परत टेकवा. उरली नसेल तर नाक खाली ठेवून आधी वेग येऊ द्या, फ्लॅप (पंखामागच्या, उचल वाढवणाऱ्या पट्ट्या) एकदम वर घेऊ नका, पट्टीकडे परतायला तीव्र वळण घेऊ नका. ६० अंश कललेल्या वळणात स्टॉलचा वेग ४१ टक्क्यांनी वाढतो, आणि तुमच्याकडे तो आधीच वाढलेला आहे. समोर जिथे बरी जागा दिसेल तिथे सरळ उतरणं पुष्कळदा जास्त वाचवतं.

चढता आलं तर वेग राखून, उथळ वळणं घेत, लांब पट्टी असलेल्या जवळच्या विमानतळावर जा. उतरताना वेग नेहमीपेक्षा थोडा जास्त लागेल आणि थांबायला अंतरही. उतरल्यावर घटना लॉगबुकात लिहा आणि चाकांचे पाय, ब्रेक, पंखांचे जोड हे मेकॅनिकनं तपासेपर्यंत विमान कोणाला देऊ नका. ॲल्युमिनियमला पडलेली बारीक चीर बाहेरून दिसत नाही, आणि पुढचा वैमानिक पूर्ण नियमात भरून निघालेला असेल.